नमुन्याचा शब्द: कर्जत

मंगळवार, दिवेलागण
देवळाली प्रवरा

चहा गार झाला, राग नाही. दोन वर्षं घरच्या कॉम्प्युटरवर फुकटचे चांगले मराठी फॉन्ट अन् सॉफ्टवेअर तपासून मी यादी केली. प्रत्येक फॉन्टमध्ये आधी एकच शब्द टाइप करायचा, कर्जत. माझं माहेर, आणि रफार नीट बसतो का तेही कळतं.

शेजारच्या मंगलला मराठी टायपिंगचा क्लास काढायचा होता, म्हणून यादी दिली. मीच दिली. आज उद्घाटनाला तिथल्या पुस्तिकांच्या गठ्ठ्याला हळदकुंकूही मीच वाहिलं. मग एक उघडली. ‘संकलन: मंगल’. आणि पानोपानी कर्जत, कर्जत! हिचा कर्जतशी संबंध काय? ही तर राहुरीची!

बाजूला घेऊन विचारलं तर हसून म्हणते, “अगं, फुकटचंच तर हुतं सगळं. त्यात तुझं काय गेलं?”

खरंच, काय गेलं? आत्ता पुस्तिका परत चाळली. प्रत्येक फॉन्टखाली मी तो बनवणाऱ्याचं नाव लिहिलं होतं. फुकट वापरा पण नाव राहू द्या, एवढीच त्यांची अट असते. मंगलनं ती सगळी नावं जशीच्या तशी ठेवलीत.

काढलं ते फक्त माझं.