कणगीमागची हाक

हेदवी,
मंगळवार, ७ ऑक्टोबर १९८६

प्रिय विमल,

तुझं पत्र परवा मिळालं. हळवं भात कापणीला आलंय, त्यामुळे आम्ही दोघं शेतातच होतो. पोस्टमन बांधावरूनच ओरडला, "आप्पा, अमेरिकेचा कागद आला हो!" कोयती बाजूला ठेवून मी तिथेच बसलो आणि आईला मोठ्याने वाचून दाखवलं. नंतर एकदा मनात वाचलं. देवीच्या नवरात्राची आज चौथी माळ. देवळातून आत्ताच आलो आणि लिहायला बसलो.

तू पाठवलेला त्या भुतांच्या करमणूक-बागेचा रंगीत कागद आईने पदराला हात पुसून घेतला आणि हाडांच्या सापळ्याचं चित्र बराच वेळ न्याहाळलं. मग म्हणाली, "ह्याच्या अंगावर मांसच नाय, ह्याला कोन भिनार?" लोक तिकीट काढून भ्यायला जातात म्हटल्यावर तर ती हसतच सुटली. "आपल्याकडं शिमग्याला घरी येऊन भिववतात," म्हणाली. कागद तिने देव्हाऱ्याखाली नाही, तांदळाच्या डब्यात ठेवलाय. भुताखेताचं चित्र देवापाशी नको म्हणे.

बेत तू अगदी नीट कळवलास. पंचवीस तारखेचा शनिवार, मोटारीने दोन तासांचा रस्ता, शेजारचं कुटुंब बरोबर. दुपारी लहान मुलांसाठी पाळणे आणि भोपळे कोरायचे, आणि अंधार पडला की बागेतली नोकरमाणसं भुतं होऊन धुरातून अंगावर यायची. जावईबापू महिपतरावांनी तिकिटं काढून ठेवली. राही चेटकिणीची टोपी जेवतानाही काढत नाही, हे वाचून तिला बघावंसं वाटलं. पाच वर्षांची झाली आणि तुम्ही तिकडे गेल्यापासून आम्ही तिला फोटोतच पाहतो आहोत.

आणि मग शेवटच्या त्या ओळी. डोकं दुखतंय असं सांगून तू त्या दिवशी घरी राहणार. पण राही म्हणते, आई नाही तर मी पण नाही, आणि रडून झोपते. महिपतरावांना खरं कारण सांगायची तुला लाज वाटते, कारण पंचवीस वर्षांची बाई अजून शिमग्यातल्या संकासुराला भिते, घुंगरांचा आवाज आठवला तरी हात गार पडतात. 'आप्पा, पत्र तुम्हीच वाचणार म्हणून सांगते, हसू नका.'

मी हसलो नाही, बाय. आईही हसली नाही. ती उठून वेळ नसताना गाईला पाणी दाखवायला गेली. का गेली ते पुढे कळेल. इथलं पत्र तिकडे पोचायला बारा-पंधरा दिवस लागतात, म्हणजे हे उद्याच्या टपालात पडायला हवं. शनिवारच्या आत तुझ्या हातात यायला हवं.

राहीला समजावून सांगायला तुला उपयोगी पडेल म्हणून आधी संकासुराचं लिहितो. भीती धरलेल्या माणसाने ती वस्तू नीट पाहिलेली नसते. पायघोळ काळा अंगरखा, डोक्यावर उंच निमुळती टोपी, तोंडावर काळं कापड, त्यावर पांढऱ्या मिशा आणि लोंबती लाल जीभ. कमरेला घुंगरांचा पट्टा, हातात वळलेला दोर. एवढंच असतं. अंगरखा दर वर्षी देवळामागे वाळत घालतात आणि त्याला घामाचा वास येतो. आत आपल्याच वाडीतला कोणीतरी असतो. पण गावाची रीत अशी की एकदा तोंडावर कापड चढलं की त्याने बोलायचं नाही. पालखी देवळात परत जाईपर्यंत एक शब्द नाही. त्याला नावाने हाक मारायची नाही, आणि आत कोण होता ते पोरांना सांगायचं नाही, त्या दिवशीही नाही आणि मागाहूनही नाही. आमच्या वडिलधाऱ्यांचं म्हणणं, नाव उघड केलं की केलेली सेवा देवीपर्यंत पोचत नाही. मी हे लहानपणापासून मानत आलो.

तू चार वर्षांची असताना तुला विषमज्वर झाला होता. तुला तो आठवत नसेल. तेव्हा रस्ता नव्हता. तुझ्या भिकाजीकाकाने आणि मी तुला डोलीत घालून गुहागरला नेलं. एकविसाव्या दिवशी डॉक्टर माझ्याकडे न बघता बोलायला लागले, तेव्हा मी दवाखान्याच्या पायरीवर बसून देवीला नवस बोललो, की मुलगी उठू दे, पाच शिमगे तुझ्या पालखीपुढे संकासूर होऊन नाचेन. तू उठलीस. पेज मागितलीस, वर मीठ कमी आहे म्हणून भांडलीस.

पहिल्या वर्षी पालखी आपल्या अंगणात आली तेव्हा तू आईच्या खांद्यावर झोपलेली होतीस. दुसऱ्या वर्षी तू सहा वर्षांची होतीस, जागी होतीस. ढोल वाजला, पोरं पळाली. तू अंगणात न पळता घरात पळालीस आणि माजघरात भाताच्या कणगीमागे शिरलीस. संकासुराने उंबरा ओलांडायचा नसतो. मी ओलांडला. मला वाटलं, पोर घाबरलीय, जवळ गेलो की माझी पावलं ओळखेल, हात ओळखेल. उचलून घ्यावं म्हणून हात पुढे केला, आणि त्या हातात दोर होता हे माझ्या ध्यानातच राहिलं नाही. तू ओरडलीस, "आप्पा! आप्पा, धावा!" तीनदा ओरडलीस. आणि मी तुझ्यापासून हातभर अंतरावर, तोंडावर कापड, उभा. बोललो असतो तर नवस मोडला असता, आणि नवस तुझ्या जिवाचा होता. कापड दातांत धरून मी मागे फिरलो.

पालखी देवळात पोचवून, आंघोळ करून घरी आलो तेव्हा तुझं अंग तापलं होतं. तू मला विचारलंस, "तुम्ही का नाय आलात?" आईने मला बोलूच दिलं नाही. "आप्पा गुहागरला गेले होते," म्हणाली. तू भिंतीकडे तोंड केलंस.

राहिलेले तीन शिमगे मी पुरे केले, पण आपल्या अंगणात पाऊल ठेवलं नाही. बांधावरूनच नाचून पुढे जायचो. भिकाजी चेष्टा करायचा, "तुझ्या घराला संकासूर भितो रे!" मी त्याच्याबरोबर हसायचो. पण पुढे तुला गवतात विंचू चावला, तेव्हा मी चार पावलांवर पेंढ्या बांधत होतो आणि तू हाक मारलीस ती भिकाजीकाकाला. नदीच्या पाण्यात पाय सुटला तेव्हा आईला. राहीच्या वेळी देवरूखला तुझ्या सासरी आम्ही आलो होतो. कळा सोसताना तू सगळ्यांची नावं घेतलीस, माझं तेवढं नाही. मी बाहेर पडवीत बसून ऐकत होतो. दोष तुझा नाही. जी हाक एकदा फुकट गेली ती माणूस पुन्हा मारत नाही.

या वेळी मी देवळात कौल लावला नाही. देवीने नको म्हटलं असतं तर मला हे लिहिता आलं नसतं. तिचं मी पाच वर्षं पुरं केलं आहे, पुढचं ती समजून घेईल. हे पत्र इथवर आईला वाचून दाखवलं तेव्हा म्हणाली, "खोटं मी बोलले, म्हनून लिवा." तेही लिहितो.

तू शनिवारी जा. आधी राहीला सांग की आत माणसं असतात, त्यांनाही घरी मुलं असतात, आणि संध्याकाळी ती हात-पाय धुऊन जेवायला बसतात. अंधार पडल्यावर तिचा हात धर, आणि महिपतरावांनाही सारं सांगून त्यांचा हात तू धर. एखादं भूत समोर आलं आणि राहीने तुला हाक मारली, तर तिथले नियम काही असोत, मोठ्याने ओ दे. हे पत्र बागेसाठी लिहिलं नाही, विमल. एकोणीस वर्षांपूर्वी तू कणगीमागून तीन हाका मारल्यास. त्या तिन्ही मी ऐकल्या. मी गुहागरला नव्हतो, तुझ्यासमोरच होतो. ओ, बाय. ओ.

तेव्हाही आणि आत्ताही तुझाच,
आप्पा