सेमाडोह, एका टाकीत

वलगाव, जि. अमरावती
१८ नोव्हेंबर २०२४

॥ श्री ॥

तीर्थरूप वामनकाका यांस,
वर्षालीचा शि. सा. नमस्कार वि. वि.

पत्र पाहून तुम्ही चष्मा पुसला असेल, माहीत आहे मला. लग्नानंतर मी तुम्हाला धाडलेलं हे दुसरंच पत्र. पहिलं लोणच्याची बरणी पोचल्याचं होतं. पण तुमचे कान गेल्यापासून फोनचा उपयोग नाही, आणि काकूजवळ निरोप द्यावा तर ती तो आपल्या मताने दुरुस्त करून सांगते. मागच्या वेळी मी जीपबद्दल विचारलं आणि तुमचा सल्ला म्हणून मला ज्वारी भिजवायची कृती मिळाली. तेव्हा कागदच बरा.

काका, बाबांची जीप जाणार असं दिसतंय. बाबांच्या मागे ती माझ्याबरोबर सासरी आली. दहा वर्षांपूर्वी आम्ही तिला गॅसचं किट बसवलं, पुढे पेट्रोलची टाकी गंजली तीही काढून टाकली. आता आमच्या वाडीतली मेथी, पालक, वांगी आणि झेंडू घेऊन मी आठवड्यातून तीनदा सेमाडोहला जाते. तिथे पार्बताबाई म्हणून एक बाई आहेत, त्यांच्या बचत गटाची पर्यटकांसाठी खाणावळ आहे. सकाळी आठच्या आत ताजा माल पोचला पाहिजे, असा करार. बसने पाठवला तर पालक वाटेतच मान टाकतो.

घाटात जीप कधी अडली नाही. अडतो तो गॅस. भरवशाचा पंप अमरावतीला, परतवाड्याच्या पंपावर गॅस असला तर असतो. अमरावतीहून सेमाडोह करून परत यायचं तर दोनशे किलोमीटर. पूर्ण भरली तर टाकीत छत्तीस लिटर मावतो आणि जीपबाईसाहेब लिटरला साडेचार किलोमीटर देतात. दोनदा येताना परतवाड्याला मिळाला नाही आणि पुढे भर रस्त्यात गॅस संपला. इथले मिस्त्री म्हणतात, गॅसवर गाडी इतकीच चालायची.

मामंजी म्हणतात, हा डब्बा काहून पोसून राहिले, भंगारात द्या. पहाटे चारला भाड्याची गाडी कुणी काढत नाही, म्हणजे जीप गेली की माझं जाणंही गेलं. हे मध्ये पडतात, पण दोन्हीकडचं ऐकून घेतात आणि चहा मागतात. शेवटी मामंजींनी चारचौघांत सांगून टाकलं की संक्रांतीच्या आत एका टाकीत सेमाडोह करून जीप आपल्या पायांनी दारात आली तर राहील, नाही तर जाईल. त्या दिवशी ते स्वतः सोबत बसणार आहेत, वाटेत मी कुठे गॅस भरून घेईन म्हणून!

काका, तिच्या स्टिअरिंगवर मला अजून बाबांचा हात दिसतो. काहीतरी सुचवा. काकूला नमस्कार. माया आहे तशीच असू द्या.

आपली,
वर्षाली


अकोला
२३ नोव्हेंबर २०२४

चि. सौ. वर्षालीस,
वामनकाकाचे अनेक आशीर्वाद.

चष्मा पुसला नव्हता, तुझं अक्षर पाहिल्यावर पुसावा लागला. तुझ्या बाबांचं, देवीदासदादाचं अक्षर मोत्यासारखं होतं. तुझं कुणावर गेलं कोण जाणे. तुझी काकू म्हणते, ज्वारीची कृती अगदी बरोबर होती.

विचारलंस खरं, पण चुकीच्या माणसाला. चाळीस वर्षं मी इंजिन कानाने तपासलं. गाडी गल्लीच्या तोंडाशी असतानाच सांगायचो की तिला काय झालंय. आता गॅरेजात गेलो की पोरं आदराने खुर्ची देतात, म्हणजेच कामाला हात लावू नका असं सांगतात. बाहेर बसून मी पेपर वाचतो आणि घरी येतो. हे कुणाला लिहिलं नव्हतं, तुला लिहितो आहे.

तरी तुझं पत्र तीनदा वाचलं. गॅसवर गाडी पेट्रोलपेक्षा थोडी कमी चालते हे खरं, पण साडेचार म्हणजे गॅस जळत नाही, नुसता वाया जातो. माझे कान गेले तर गेले, तुझे हात आहेत. मी सांगेन तिथे हात लावायचा आणि काय लागलं ते लिहायचं. अट एकच, एका वेळी एकच गोष्ट बदलायची. चार गोष्टी एकदम केल्यास तर गुण कशाचा आला ते ब्रह्मदेवालाही कळायचं नाही. प्रत्येक वेळी त्याच पंपावर टाकी पूर्ण भरायची आणि आकडा लिहून ठेवायचा.

आधी एअर फिल्टर बघ. मग प्लग, गॅसला त्यांच्या टोकाची फट पेट्रोलपेक्षा किंचित कमी लागते. त्यानंतर पुढच्या चाकांच्या मधोमध गोल हब आहेत. ते 'फ्री' वर आहेत की 'लॉक' वर? लॉकवर असतील तर चिखल नसतानाही गाडी पुढचं सगळं लोखंड फिरवत बसते.

हे झालं की एका थंड सकाळी गाडी सुरू कर आणि रेडिएटरच्या वरच्या जाड पाइपवर तळहात ठेव. तो केव्हा गरम होतो ते कळव. गॅसच्या रिड्यूसरवरही, म्हणजे टाकीतला गॅस फुलवून इंजिनाला देणाऱ्या डब्यावरही हात ठेव, पण जपून.

सहदेवरावांना नमस्कार सांग. भंगारवाल्याला एवढ्यात फोन करू नका म्हणावं. जावईबापूंना आशीर्वाद. आमचा लोभ तुझ्यावर आहेच, तोही पूर्ण भरलेला.

तुझा,
वामनकाका


वलगाव
१४ डिसेंबर २०२४

तीर्थरूप वामनकाका यांस,
वर्षालीचा शि. सा. नमस्कार वि. वि.

फिल्टर झटकला तर त्यातून अर्धी वाडी बाहेर पडली. नवा घातला. साडेचारचे पावणेपाच झाले. प्लग साफ करून फट कमी केली, त्याने फार नाही, इतकुसा फरक पडला.

आणि हब! डावा फ्रीवर, उजवा लॉकवर. श्रावणात जीप काळ्या मातीत रुतली तेव्हा कुणीतरी दोन्ही लॉक केले आणि नंतर एकच सोडला. ते कुणीतरी म्हणजे मामंजी. मी नुसती उजव्या चाकापाशी बसून हब फिरवत राहिले. ते बराच वेळ आभाळाकडे बघत होते.

हब सोडल्यावर सव्वापाचच्या आसपास आली. मी खुशीत सेमाडोहला निघाले. येताना परतवाडा गेला, आसेगाव गेलं, मला गाणं म्हणावंसं वाटू लागलं. आणि काका, वलगावच्या वेशीत, आमचं घर दिसत असताना गॅस संपला! चहाच्या टपरीवरची सगळी मंडळी उठून उभी राहिली. ट्रॅक्टर लावून जीप घरी ओढत आणली. मामंजी पायरीवर बसूनच होते. ते एवढंच म्हणाले की जराशी कमी पडली, नाही का. चिडवलं असतं तर बरं वाटलं असतं. मी गोठ्यामागे जाऊन रडले.

तुमचं हात लावायचं काम मात्र केलं. वरचा पाइप गाडी सुरू झाल्या क्षणापासून हळूहळू कोमट होत जातो, गरम असा होतच नाही. तापमानाचा काटा कायम तळाशी. सेमाडोहच्या थंडीत तर रिड्यूसरवर पांढरं गोठलं होतं, बर्फाच्या गोळ्यासारखं. पार्बताबाई म्हणाल्या, पोरी, तुझ्या गाडीले हीव भरलं.

याचा अर्थ काय, ते लवकर लिहा. संक्रांतीला महिना राहिला. लोभ ठेवा आणि थोडी घाईही करा.

आपली,
वर्षाली


अकोला
१८ डिसेंबर २०२४

चि. सौ. वर्षालीस,
अनेक आशीर्वाद.

पार्बताबाईंना माझा नमस्कार सांग. आजार त्यांनीच ओळखला. गाडीला खरंच हीव भरलं आहे, आणि ते भरवणारा मी आहे.

इंजिन आणि रेडिएटर यांच्यामध्ये एक छोटी झडप असते, तिला थर्मोस्टॅट म्हणतात. पाणी नीट तापेपर्यंत ती रेडिएटरची वाट बंद ठेवते. ती जागेवर असती तर वरचा पाइप आधी थंड राहिला असता आणि मग एकदम तापला असता. तुझा पहिल्यापासून कोमट होतो, म्हणजे झडप तिथे नाहीच. पेट्रोलवर फार बिघडत नाही. पण गॅसला रिड्यूसरमध्ये गरम पाणीच लागतं, नाही तर तो पुरता फुलत नाही आणि इंजिन दुप्पट मागत राहतं.

२००९ च्या मे महिन्यात दादा आणि मी एका लग्नाला अमरावतीला निघालो होतो. मूर्तिजापूरच्या पुढे गाडी उकळली. ऊन असं की पान्हा हातात धरवेना. आमच्या वऱ्हाडात त्यावर एकच औषध, झडप काढून फेकायची. सगळे मिस्त्री तेच करतात, मीही केलं. दसऱ्याला थंडी पडायच्या आत परत बसवतो, असं दादाला म्हणालो. दादा श्रावणातच गेला. मग गाडीकडे बघवेना, आणि झडपेचं तर डोक्यातूनच गेलं.

पोरी, पंधरा वर्षं तुझी गाडी माझ्या चुकीमुळे कुडकुडते आहे. तुला गोठ्यामागे रडावं लागलं तेही माझ्यामुळे. मला माफ कर.

अमरावतीत नवी झडप मिळते का बघ. इथे मी सगळी दुकानं पालथी घातली. इतक्या जुन्या इंजिनाची कुणी ठेवत नाही. मिळाली तर बसवण्याआधी दोऱ्याला बांधून पातेल्यातल्या पाण्यात सोड आणि पाणी तापव. उकळायच्या आधी तिने तोंड उघडलं पाहिजे. पुढे उन्हाळ्यात गाडी तापली तर रेडिएटर साफ करून घे, झडप काढू नकोस. एकाने केलेला मूर्खपणा घराण्याला पुरे.

तुझा चुकलेला,
वामनकाका


वलगाव
७ जानेवारी २०२५

तीर्थरूप वामनकाका यांस,
वर्षालीचा शि. सा. नमस्कार वि. वि.

आधी बातमी सांगते, मग हकीकत. आली! काका, एका टाकीत आली!

अमरावतीत पाच दुकानं फिरले. दुकानदार म्हणत, बाई, वऱ्हाडात ही वस्तू काढायला लोक येतात, घ्यायला तुम्ही पहिल्याच. हताश होऊन घरी आले आणि बाबांच्या पान्ह्यांचा पेटारा उघडला. पान्हे मी रोज वापरते, पण तळाचा सुपारीचा डबा कधी उघडला नव्हता. आत सुपारीच असणार, असं धरून चालले होते. त्यात ग्रीस लावून कागदात गुंडाळलेली झडप होती, काका. सोबत बाबांच्या मोत्यासारख्या अक्षरातली चिठ्ठी. ती या पाकिटात ठेवली आहे, तुम्हीच वाचा. मी पेटाऱ्यापाशी बसून पोटभर रडले, आणि मग हसले.

सासूबाईंनी पातेलं द्यायला जरा कुरकुर केली, पण झडप सोडली तेव्हा सगळं घर चुलीभोवती होतं. पाण्याला बुडबुडे यायला लागले आणि तिने हळूच तोंड उघडलं. पंधरा वर्षं डब्यात राहून एका मिनिटात कामावर हजर! हे एवढे मोठ्याने ओरडले की गाय दावं तोडून पळाली. ह्यांनीच मग कंदील धरावा तसा मोबाईल धरला आणि मी झडप बसवली.

काल मामंजींना शेजारी बसवून निघाले. काटा मधोमध येऊन थांबला, रिड्यूसर हाताला गरम. घाटात मामंजी दर वळणावर गॅसच्या दिव्याकडे बघायचे, मी रस्त्याकडे. पार्बताबाईंनी त्यांना पोटभर पिठलं वाढलं आणि सांगितलं की ही पोरगी एक दिवस चुकली नाही. येताना वलगावची वेस आली, टपरीवरची मंडळी उठली आणि मी न थांबता हॉर्न वाजवत पुढे निघाले. दारात उतरणार, तर मामंजी म्हणाले, थांबू नको, थेट पंपावर घे, पाहू दे किती खाल्ला. दोनशे किलोमीटरला साडेतीस लिटर भरला. टाकीत अजून साडेपाच लिटर होता, काका! पंपावरच त्यांनी मालातला झेंडूचा उरलेला हार जीपला घातला.

पार्बताबाईंनी वर्षभर माल पुरवायचं काम आमच्याकडेच ठेवलं आहे. माफी वगैरे पुन्हा लिहिलीत तर काकूला फोन करीन. मामंजींनीही दोन ओळी लिहिल्या आहेत. संक्रांतीला येतो आहोत, तिळगुळाबरोबर तुमची मायाही घ्यायची आहे.

आपली,
वर्षाली


(सोबत)

रा. रा. वामनराव व्याही यांस,
सहदेवचा रामराम.

पत्र लिहाची मले सवय नाही. तुमी अकोल्यात बसून, न पाहता, न ऐकता आमची गाडी दुरुस्त केली. इथं कान असलेल्या मिस्त्र्याईले जमलं नाही ते. हबचं जे झालं ते मीच केलं होतं, सुनेले मी कबूल केलं नाही, तुमाले करून राहिलो. आता जीप कुठं जात नाही. संक्रांतीले सून चालवीन, मी पुढं बसतो. घरीच राहा.

तुमचा,
सहदेव


अकोला
१६ जानेवारी २०२५

चि. सौ. वर्षालीस,
वामनकाकाचे अनेक अनेक आशीर्वाद.

तुम्ही गेल्यापासून घर सुनं वाटतं. तिळगुळाचा डबा काकूने कुलपात ठेवला आहे, गोड माझ्या तब्येतीला चालत नाही म्हणे.

एक गोष्ट तुझ्यासमोर बोलवेना, म्हणून लिहितो. तू गल्लीत जीप उभी केलीस, इंजिन बंद केलं नाहीस आणि माझा हात धरून बोनेटवर ठेवलास. वर्षाली, मला ती ऐकू आली. चारही सिलिंडर, एकेक, स्पष्ट. दोन वर्षांनी मी एखादं इंजिन ऐकलं, तळहाताने. तुझे सासरे मला काहीतरी सांगत होते आणि मी त्यांच्याकडे बघतसुद्धा नव्हतो, क्षमा माग माझ्यातर्फे.

काल गॅरेजात गेलो. खुर्ची दिली, बसलो नाही. एक गाडी दोन दिवस मिस्त्री लोकांना दाद देत नव्हती, तिच्यावर हात ठेवला आणि दहा मिनिटांत सांगितलं. ते बरोबर निघालं. आता गॅरेजच्या दाराशी माझी पाटी टांगली आहे, 'बिघाड लिहून आणावा.' सकाळपासून तीन चिठ्ठ्या आल्या. अक्षर सगळ्यांचं तुझ्यासारखंच.

जीपला जप, सहदेवरावांना हबपासून लांब ठेव, आणि कारण नसलं तरी पत्र लिहीत जा. मी वाट बघतो.

तुझा,
वामनकाका

ता. क. दादाची चिठ्ठी परत पाठवतो आहे, ती पुन्हा सुपारीच्या डब्यात ठेव. त्याने लिहिलं होतं, 'थर्मोस्टॅट वामनने काढला. दसऱ्याला परत बसवणे. विसरेल, आठवण देणे.' त्याखाली मी माझ्या हाताने एक ओळ घातली आहे: 'दादा, बसवला. तुझ्या पोरीने आठवण दिली. वामन.'