मागच्या खोलीची जमीन

प्रिय धाकट्या,

दर रविवारी तुझा फोन येतो आणि मी 'सगळं ठीक आहे' म्हणून मोकळी होते. फोन बाबांच्या खुर्चीला लागून आहे, खरं बोलायचं तर कागदच हवा. तर ऐक, इथे काहीही ठीक नाही.

मागच्या खोलीच्या ओलीने माझा जीव मेटाकुटीला आलाय. सकाळी उठले की आधी भिंतीच्या कडा पुसते, मग बाबांची गादी गच्चीवर नेते, संध्याकाळी खाली आणते. कपाट विटांवर चढवलंय. चपलांनासुद्धा बुरशी येते. या घरात मी राहते की पोतेरं, असा प्रश्न पडावा अशी गत आहे.

गेल्या खेपेला तू सगळी सुट्टी घालवून, गुडघे सुजवून, ती लाकडासारखी दिसणारी प्लास्टिकची शीट जमिनीवर चिकटवलीस. जमीन अगदी कोरडी ठणठणीत दिसायला लागली. मीच शेजारणीला हौसेने दाखवली होती. पण वरून तोंड बांधल्यावर ओल जाणार कुठे? ती भिंतीत चढली. परवा पलंगाशेजारचा शीटचा कोपरा उचलून पाहिला, तर खाली पाणी आणि काळी बुरशी. वासाने डोकं उठलं. तुला दोष देत नाही रे. आम्हाला तरी कुठे अक्कल होती?

बाबांचा खोकला त्याच खोलीतला आहे. डॉक्टरीणबाईंनी छातीचा फोटो बघून स्पष्ट सांगितलं, शीट काढून जमीन वाळू द्या, तोवर त्यांना दुसऱ्या खोलीत झोपवा. पुढच्या वेळी नुसत्या औषधावर भागणार नाही म्हणाल्या.

मी गवंड्याला बोलावलं. बाबांनी खुर्ची ओढली, त्या उचललेल्या कोपऱ्यावर ठेवली आणि वर ठाण मांडून बसले. गवंडी चहा पिऊन परत गेला. दुसऱ्या खोलीत झोपायचं नावही काढू देत नाहीत. मी रागावले, रडले, अबोला धरला. ढिम्म हलले नाहीत.

लहानपणापासून तुला त्यांच्याकडून कधी शाबासकी मिळाली नाही, आणि ते तुला किती लागलं हे मला ठाऊक आहे. पण धाकट्या, आता घरात येणाऱ्या प्रत्येकाला ते आधी त्या खोलीत नेतात. सिलिंडरवाल्यालासुद्धा बूट काढायला लावतात. 'माझ्या पोराने स्वतः बसवलीय,' म्हणतात, आणि तेवढं बोलतानाही त्यांना धाप लागते.

म्हणून हे पत्र. मी दमले आहे आणि माझ्याने हे होणार नाही. रजा मिळो न मिळो, तू ये. ती शीट तुझ्याच हाताने काढ. तू काढलीस तर ते अडवणार नाहीत, शेजारी खुर्ची टाकून तुझ्या चुका काढत बसतील.

वाट बघून थकलेली,
तुझीच ताई