घळीबाहेर आल्याची चिठ्ठी

१६ नोव्हेंबर, रविवार. ग्योतोकु, जपान

पाय भरून आलेत, मन मात्र अजून घळीतच आहे!

पुष्करने तीन गाड्या बदलून नेलं. सूनबाई, कश्मिरा, घरीच थांबली. घळ म्हणजे काय घळ! दोन्हीकडे पन्नास-साठ फूट सरळ कातळ, मध्ये जेमतेम माणूस मावेल एवढी फट. कुठे आडवं होऊन सरकायचं, कुठे चारी पायांवर. वर आभाळाची निळी नाडी. एका ठिकाणी लोखंडी साखळी धरून चढायचं होतं. पुष्कर खालून माझी पावलं खाचेत बसवत होता — "डावा पाय, बाबा. अहो, तुमचा डावा."

मध्येच थांबून चौथीच्या पुस्तकातली कविता म्हटली. प्रत्येक ओळीचं शेपूट कातळाने परत म्हटलं, मागच्या बाकावरच्या पोरांसारखं. ईश्वरी खिदळली. सात वर्षांची नात. माझ्याशी जपानीतच बोलते.

इथे डोंगरात शिरताना एक कार्ड भरून पेटीत टाकतात. कोण, किती जण, फोन कुठला. खालचा अर्धा भाग फाडून जवळ ठेवायचा आणि सुखरूप बाहेर आलो की तोही टाकायचा. पुष्कर बूट बांधत होता, तेवढ्यात मी ते भरलं. इंग्रजीही छापलेलं होतं. वळणदार अक्षर काढलं, तिघांची नावं. वरचा भाग टाकला. खालच्या भागावर ईश्वरीने पेन्सिलीने काहीतरी गिरवलं. बघतो तर — आजोबा. देवनागरीत! 'ज' उलटा, पण आजोबाच. तिने लिहिलेला पहिला मराठी शब्द.

तो पत्र्याच्या पेटीत टाकू? कवितांच्या वहीत ठेवला. पुष्करने विचारलं, "टाकलं ना, बाबा?"

टाकलं म्हणालो.

१७ नोव्हेंबर, सोमवार



सकाळी साताऱ्याहून चंद्रशेखरचा फोन. शेजारी आपला, घराची किल्ली त्याच्याकडे असते. पुष्करशी बोलताना रडत होता म्हणे. मी फोन घेऊन "बोल रे" म्हटलं तर हळूच — "अप्पा, तुम्ही कुठून बोलताय?"

काल तिकडच्या दुपारपासून, म्हणजे इथल्या संध्याकाळपासून, आमच्या बंद घरात फोन वाजत होता. शेवटी त्याने कुलूप काढून उचलला. पलीकडे जपानी बाई, मोडक्या इंग्रजीत — तीन माणसं डोंगरातून परतलेली नाहीत. पुष्करचा नंबर मिळवेपर्यंत त्याची रात्र गेली. गल्ली दारात गोळा झाली होती.

कार्डावर 'घरचा फोन' असा रकाना होता. मी साताऱ्याचा लिहिला! चाळीस वर्षं तोच लिहीत आलो.

पुष्करने लगेच पोलिसांना कळवलं. अंधार पडल्यापासून चौदा माणसं त्या घळीत आमच्या नावाने हाका मारत होती. तीन जण, त्यात एक लहान मुलगी, म्हणून कुणी परत फिरेना. आणि मी इथे गरम खिचडी खाऊन झोपलो होतो.

पुष्करने मला पुन्हा विचारलं. पुन्हा म्हणालो, टाकलं. पेटीत काही घोटाळा झाला असेल, असं पुटपुटला. पण पोलिसांना मात्र सांगितलं — चूक माझी, मीच विसरलो. फोनवर उभ्याउभ्या वाकत होता. समोर कुणी नव्हतं.

मी सोफ्यावर बसून होतो.

१९ नोव्हेंबर

वही उघडवत नाही. तोंडपाठ कविता ओठांशी येते आणि परत जाते.

२३ नोव्हेंबर, रविवार

माफी मागायला गेलो. कश्मिराने मिठाईचा चांगला खोका निवडून दिला होता.

शोधपथकाचे प्रमुख ओगाता-सान माझ्याच वयाचे. पगार नाही, काही नाही. गावातली माणसं मिळून हे करतात. ते बैठ्या टेबलाशी बसले होते — कोतात्सु म्हणतात, खाली शेगडी आणि वरून जाड दुलई. पुष्करने चटईला कपाळ टेकलं. मीही टेकलं. पुष्कर त्यांना सांगत होता की विसरलो तो मी. मला तेवढी जपानी आता कळते.

ओगाता-सान हसले. पुष्करने मराठीत सांगितलं — "ते म्हणतायत, घळ रिकामी निघाली, याचाच आनंद झाला." ईश्वरीने दुलईखाली पाय घातले आणि दचकून त्यांच्याकडे बघितलं. लहान मूल, शेगडीचा चटका बसला असेल.

निघताना एक खटकलं. इथे दुकानदारसुद्धा गिऱ्हाईक वळणाआड जाईपर्यंत दारात उभा राहतो. हे जागचे उठलेही नाहीत. बसूनच मान लववली. मनाला लागलं. पण राग असणारच! का नसावा?

२४ नोव्हेंबर, सोमवार

ईश्वरी आज माझ्याजवळ येऊन बसली. शब्द शोधत शोधत, मराठीत — "आजोबा, त्या आजोबांचा पाय दगड होता. पांढरा. ते मला असं म्हणाले." आणि ओठांवर बोट ठेवलं.

पुष्करने गावात फोन करून विचारलं. आम्हाला शोधताना, त्या साखळीपाशीच घसरले. नडगीचं हाड मोडलं, पायाला प्लास्टर.

वही उघडली. अर्धं कार्ड काढून पुष्करच्या हातात दिलं.

तो अजून ते बघतोय.