आबांचं गप्प बसणं

सावरटेंभे, ता. मुरबाड
सोमवार, १० फेब्रुवारी २०२५

ती. कमळूदादास,

सारिकाचा नमस्कार. आमी सगळी बरी आहोत. आबांचा गुडघा तसाच आहे, पण गुरं घेऊन माळावर जायचं काय सोडत नायत. वाल यंदा चांगले आलेत. रेश्मावहिनी धसईच्या बाजाराला आलेय, तिच्या पिशवीत थोडे घातलेत. फोन तू उचलत नायस, म्हणून ही चिठ्ठी पण त्याच पिशवीत. पंचायतीत बसून लिहितेय. दोनदा उठले, बाहेर जाऊन आले, परत बसले.

आपला माळ गोदामांना चाललाय, दादा. गुरुवारी मुंबईत सुनावणी आहे, ती शेवटची. माळ गेला तर चाळीस घरांची गुरं विकावी लागतील.

तुला वाटेल, सरपंच असून ही करते काय? ऐक. मुरबाडला गेले तर साहेब म्हणाले, "ताई, हे आता आमच्याकडं नाय, ठाण्याला विचारा." ठाण्यात म्हणाले, नवं प्राधिकरण झालंय, मुंबईला जा. तिथं एका मॅडमनी भिंतीएवढा नकाशा दाखवला. आपलं गाव शोधायला त्यांना चष्मा लावावा लागला. आराखडा सगळ्या पट्ट्याचा आहे म्हणाल्या, एका गावासाठी बदलत नाय. आणि गोदामवाले तर परदेशातले, त्यांना आपण दिसत पण नाय.

निर्णय वर गेला, राबणूक मात्र खाली आली. माळाची मोजणी पंचायतीनं करून द्यायची, झाडं पंचायतीनं मोजायची, लोकांची समजूत पण आमीच काढायची. मला राग येतो रे. बारा गावचे साहेब आणि शिव्या खायला मी.

वाशिंदची तुझी कंपनी बंद झाली तेव्हा मॅनेजर पण तुमच्याबरोबर गेटबाहेर उभा होता. निर्णय कुठं झाला ते त्याला पण ठाऊक नव्हतं, असं तू सांगितलंस. मी हसले होते.

नोव्हेंबरात प्राधिकरणाचे लोक आले त्या दिवशी तू होतासच. गावदेवीसमोर नकाशा पसरून त्यांनी विचारलं, "कोणाची हरकत आहे का?" आपल्याकडं पाहुण्याला तोंडावर नाय म्हणायची रीत नाय. सगळी मान खाली घालून गप्प बसली, आबा धोतर झटकून उठले. आपल्या लेखी तो नकार, विषय तिथंच मेला. चहा झाला. साहेब खूश, आमी खूश. त्यांनी लिहून नेलं, 'कोणाचीही हरकत नाही.'

तू एकटा म्हणालास, "ह्यांना आपलं गप्प बसणं वाचता येत नाय. लिहून द्या." आणि मी, तुझी धाकटी बहीण, गावातच दिलेली, चारचौघांत बोलले, "भाड्याच्या खोलीत राहणाऱ्यानं गावकीत तोंड घालू नये." तू जेवायला पण थांबला नायस. त्या दिवसाची भाजी मी गुरांना घातली.

मग तीस दिवसांची नोटीस आली. ती उशिरा आली, असं मी सगळ्यांना सांगते.

दादा, ती उशिरा नाय आली. तीन डिसेंबरला माझ्या हातात होती. दोनदा वाचली. 'मुदतीत हरकत न आल्यास संमती आहे असे समजण्यात येईल.' सगळं समजलं. पण हरकत लिहायची म्हणजे आबांना सांगावं लागलं असतं, की तुमचं उठून जाणं ओढ्यापलीकडं कोण मानत नाय. माझ्या जिभेवर येईना. आणि खरं सांगू? तू बरोबर ठरला असतास, ते पण मला नको होतं. नोटीस रेशनच्या फायलीखाली सरकवली. तीस दिवस रोज ती फाईल बघत होते.

काल मंगळूकाकानं गोदामाचा विषय काढला. आबा म्हणाले, "आमी गप्प बसलेलो ना? मग झालं की." आणि गुरं सोडायला गेले. मी चुलीपाशी बसून रडले.

उशिरा आलेल्या हरकती गुरुवारी तोंडी ऐकणार आहेत. आबा येतो म्हणतात, "तिथं पण गप्प बसून उठलो की मिटलं." ऐकत नायत. पण तिथं कोणी विचारलं तर ते मान खाली घालतील आणि उठतील, आणि कागदावर परत तेच लिहिलं जाईल. त्यांच्या शेजारी तू बस. तुला त्या लोकांशी बोलता येतं. मला पण येतं, पण त्या 'हरकत नाही'च्या कागदाखाली सही माझी आहे, माझं कोण ऐकणार?

आबांना नोटिशीचं मी आजच सांगणार आहे, गुरं खाली आली की. ते तुझ्यावर टाकत नाय. ते काय म्हणतील ते म्हणोत.

तू मला शिव्या दे, वहिनीकडं निरोप दे, काय पण कर. फक्त गप्प बसू नको. तू गप्प बसलास तर मी त्याचा अर्थ आपल्या गावचाच धरीन.

सरपंचाचा शिक्का मुद्दाम मारला नाय.

तुझी बहीण,
सारिका