सक्तीचं शून्य

सोमवार, १६
नवी नोकरी, तीही धाकट्या बहिणीच्याच कचेरीत. ती तळमजल्यावर फोन घेते, मी चौथ्यावर संगणक सांभाळते. आई गेल्यापासून आम्ही दोघीच, म्हणून डबाही एकच. खुर्ची कुरकुरते, पण खिडकी मोठी आहे. मी खूश आहे.

काम सोपं. एक जुना प्रोग्राम दुपारी तीनला कर्मचाऱ्यांच्या यादीवरून फिरतो आणि प्रत्येक नावापुढे एक आकडा टाकतो. आमच्या धंद्यातला रिवाजच आहे: शून्य म्हणजे नीट पार पडलं, दुसरं काहीही म्हणजे बिघाड. तो नेमकं काय तपासतो, हे साहेबांनाही ठाऊक नाही. आधीच्या माणसाने प्रोग्रामच्या शेवटी शेरा लिहून ठेवलाय, की इथे सक्तीने शून्य टाकू नका. म्हणजे बिघडलेल्याला ठीक म्हणू नका. एवढं तर शिकाऊ पोरांनाही कळतं. मला हसू आलं.

बुधवार, १८
काल लिफ्टवाल्या काकांपुढे १ आला होता. आज त्यांचा पाय मोडला. शिपाईमामा म्हणाले, लिफ्ट सोडून जिन्याने जायची हौस कुणी सांगितली होती. सगळे हसले, मीही.

शुक्रवार, २०
शेजारच्या टेबलावरच्या चष्मेवाल्यापुढे काल १३७ आला. हा आकडा आम्ही सगळे ओळखतो: प्रोग्राम आपणहून थांबला नाही, बाहेरून कुणीतरी मारला. मी त्याला चिडवलंसुद्धा. तो घरी पोचलाच नाही. फाटकाबाहेरच, ट्रकखाली —

सोमवार, २३
धाकटीपुढे १३७.
खाली धावले, आज बाहेर पडू नकोस म्हणून विनवलं. ती म्हणाली, ताई, तुझं डोकं फिरलंय, घरी जाऊन झोप काढ. ऐकेना. वर आले, तो शेरा खोडला, एक ओळ लिहिली: काहीही होवो, शेवटी शून्य. प्रोग्राम पुन्हा चालवला. धाकटी, शून्य. आनंदाने जिन्यावरून धावत सुटले, घसरून डोक्यावर आपटले. काही लागलं नाही.

मंगळवार, २४
ती काल घरी आली, धडधाकट. जीव भांड्यात पडला. आज डबा मात्र भरलेलाच परत आला. विचारलं तर म्हणते, सगळं ठीक आहे.

बुधवार, २५
ती झोपत नाही. पाणीही नाही. आज तिचं बोट दारात चेंगरलं. नख उलटलं, रक्त नाही. म्हणाली, सगळं ठीक आहे. मी काय करून बसले —

गुरुवार, २६
ताई, ती ओळ काढ, मला जाऊ दे, म्हणाली. ओळीबद्दल मी अवाक्षर बोलले नव्हते. नाही म्हटलं. तूही गेलीस तर मी कुणासाठी —

शुक्रवार, २७
ओळ काढायला बसलेय. धीर होत नाही. ती मागे उभी आहे.
यादीत सगळीकडे शून्य. ओळ तिच्या एकटीपुरती लिहायचं सुचलंच नाही. सगळ्यांना लागली. माझ्यापुढेही शून्य.
डबा आमचा दोघींचा असतो. सोमवारी जिन्यावर आपटल्यापासून मी तरी कुठे —