आईचा हात पोचेल तिथे

आपल्या घराच्या मालकिणीस, देवाच्या कृपेने मी सुखरूप आहे.

इथे थंडी फार, पण माझं काम बॉयलरच्या खोलीत, त्यामुळे ऊब फुकटची. दुपारी जेवून भिंतीला पाठ टेकली की डोळे मिटतात आणि मी आपल्या अर्धवट घरातून हिंडू लागतो. दारं अजून लागलेली नसतात, तरी कुठली खोली कुठे ते पायांना बरोबर कळतं.

सोमवारी गिलावा सुरू होणार म्हणतेस, म्हणून घाईने लिहितो. गिझरला वेगळी जाड वायर आणि अर्थिंग हवंच, तिथे काटकसर नको. इंटरनेटचा डबा घराच्या मध्यावर बसवा, म्हणजे आईच्या खोलीतूनही तुम्ही मला फोनवर न अडखळता दिसाल. भिंतीत पुढच्या वायरींसाठी एक पाइप रिकामा सोडा. पुढे काय लागेल ते देवालाच ठाऊक.

आईच्या खोलीतली दिव्यांची बटणं खाली घ्या म्हटल्यावर वायरमन म्हणाला ना, "वहिनी, घर बांधताय की बालवाडी?" हसू दे त्याला.

धाकटीचा खोकला गेला का?

आई ठणठणीत आहे असं तू दर वेळी लिहितेस. मग फोनवर ती नेहमी बसलेलीच का दिसते?

तिला भिंतीशी उभी कर. हात सहज पोचेल तिथे खडूने खूण कर आणि जमिनीपासूनचं माप कळव. मला बरं वाटावं म्हणून एक इंचही वाढवू नकोस. अंधारात बटण तिला शोधायचं आहे, मला नाही.

तुम्हा सगळ्यांसाठी रोज हात जोडणारा,
तुझाच